दगड वळतो, पण का?

मार्च २०२२ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या प्रिन्स जॉर्ज या शहरात महिलांची जागतिक कर्लिंग अजिंक्यपद स्पर्धा झाली. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत लक्ष्याजवळ नेण्याचा खेळ. अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडने दक्षिण कोरियाला ७-६ असं हरवलं. सिल्वाना तिरिंझोनीच्या नेतृत्वाखालचा तो स्विस संघ स्पर्धेत एकही सामना हरला नाही. पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये जिंकून त्यांनी सलग चौथं जगज्जेतेपद मिळवलं. (२०२० ची स्पर्धाही प्रिन्स जॉर्जलाच होणार होती, पण कोविडमुळे ती रद्द झाली.) या संघात डावपेच तिरिंझोनीचे, पण प्रत्येक डावातले शेवटचे दोन दगड टाकायची ती अलीना पेट्झ. सुमारे २८ मीटर दूरवरच्या वर्तुळात, आडव्या आलेल्या दुसऱ्या दगडांना वळसा घालून, हवा तिथे दगड थांबवायचा, आणि तोही सामन्याचा निकाल त्याच दगडावर अवलंबून असताना!

याच शहरातल्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबियामध्ये मार्क शेगेल्स्की या भौतिकशास्त्रज्ञाने आयुष्यातली अनेक वर्षं एका प्रश्नावर खर्च केली. तो दगड का वळतो? पेट्झसारख्या खेळाडू तो बोटभर अंतराच्या अचूकतेने वळवतात, पण त्यामागचं कारण काय, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.

आधी खेळ थोडक्यात. दोन संघ, प्रत्येकी चार खेळाडू. एका डावाला एंड म्हणतात. एका एंडमध्ये प्रत्येक संघ आठ दगड टाकतो आणि सामना दहा एंडचा असतो. पलीकडे बर्फावर ३.६६ मीटर व्यासाचं लक्ष्य आखलेलं असतं, ते हाउस. ज्याचा दगड केंद्राच्या सर्वांत जवळ, त्याला गुण. दगड ग्रॅनाइटचा, जास्तीत जास्त १९.९६ किलोचा. पुरुषांसाठी वेगळा आणि बायकांसाठी वेगळा दगड नाही, हे मला या खेळातलं फार महत्त्वाचं वाटतं. वस्तुमान तेच, बर्फ तोच, भौतिकशास्त्रही तेच. १९७९ साली स्कॉटलंडमधल्या पर्थला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीही स्वित्झर्लंडनेच जिंकली होती.

हे दगड बहुतेक स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या छोट्या बेटावरून येतात. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा थिजलेला गाभा म्हणजे हे बेट. तिथला एक ग्रॅनाइट टक्कर झेलायला चांगला, म्हणून तो दगडाच्या अंगाला. दुसरा पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून तो बर्फाला टेकणाऱ्या भागाला. दगडाचा तळ खोलगट असतो. त्यामुळे बर्फाला फक्त एक अरुंद गोल पट्टी टेकते, जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची. जवळजवळ वीस किलोचा भार त्या कडीवर असतो आणि सगळं गूढही तिच्यातच आहे.

बर्फही आरशासारखा गुळगुळीत नसतो. सामन्याआधी कर्मचारी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून बर्फावर पुरळासारखे उंचवटे तयार होतात, त्यांना पेबल म्हणतात. दगड या उंचवट्यांच्या माथ्यांवरून जातो. पेबल नसेल तर तळ बर्फाला चिकटल्यासारखा होतो आणि दगड पलीकडे पोचतच नाही.

आता मूळ प्रश्न. घरी एक प्रयोग करा. गुळगुळीत टेबलावर काचेचा ग्लास पालथा ठेवा, त्याला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गिरकी देऊन पुढे ढकला. तो डावीकडे वळेल. कारण सोपं आहे. घर्षणामुळे ग्लास पुढच्या कडेवर किंचित झुकतो, तिथे दाब वाढतो, म्हणून घर्षणही वाढतं. काट्यांच्या दिशेने फिरताना पुढची कड उजवीकडे सरकत असते, त्यामुळे तिच्यावरचं घर्षण डावीकडे ओढतं. मागची कड उलट ओढते, पण ती हलकी पडते आणि ग्लास डावीकडे जातो.

कर्लिंगचा दगड तशीच गिरकी दिली तर उजवीकडे वळतो. नेमका उलटा!

शिवाय आणखी एक विचित्र गोष्ट. साधारण २५ सेकंदांच्या प्रवासात दगड स्वतःभोवती दोन ते चार फेरे घेतो आणि मीटरभर किंवा थोडा जास्त बाजूला सरकतो. गिरकी वाढवली तर वळणही त्या प्रमाणात वाढायला हवं, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही.

कॅनडातल्या सॅस्काचेवानमध्ये ई. एल. हॅरिंग्टन यांनी १९२४ मध्येच दगडाच्या गतीवर प्रयोग केले होते, म्हणजे हा वाद शंभर वर्षांचा आहे. १९९० च्या दशकात शेगेल्स्की आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळून पाण्याचा अतिपातळ थर तयार होतो आणि त्यामुळे दगडाच्या पुढच्या भागाखालचं घर्षण मागच्यापेक्षा कमी होतं. पुढचं घर्षण कमी म्हटलं की वळण्याची दिशा बरोबर येते. पण गिरकी आणि वळण यांचं ते विचित्र नातं यातून समाधानकारक उलगडत नव्हतं.

२०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या हाराल्ड न्यूबर्ग आणि सहकाऱ्यांनी वेगळंच मांडलं. त्यांच्या मते दगडाच्या तळाचा खरखरीतपणा बर्फावर सूक्ष्म चरे पाडतो. पुढच्या कडेने पाडलेले तिरके चरे मागच्या कडेला लागतात आणि ती त्या चऱ्यांच्या दिशेने ढकलली जाते. त्यांनी बर्फावर मुद्दाम एका दिशेने ओरखडे काढून पाहिले, तर दगड त्यांच्यामागे गेला. शेगेल्स्कींना हे स्पष्टीकरण पुरेसं वाटलं नाही. एडवर्ड लोझोव्स्की यांच्यासोबत त्यांनी नवी कल्पना मांडली, ती अशी की तळाचा एखादा खरखरीत बिंदू पेबलला क्षणभर अडकतो, दगड त्या बिंदूभोवती किंचित फिरतो, सुटतो, पुढे घसरतो आणि पुन्हा अडकतो.

२०२२ मध्ये, प्रिन्स जॉर्जची स्पर्धा झाली त्याच वर्षी, टोकियोच्या रिक्क्यो विद्यापीठातल्या जिरो मुराता यांनी दगडाच्या हालचालींची अतिशय बारीक मोजमापं प्रसिद्ध केली. काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या दगडाची डावी बाजू बर्फावरून जास्त वेगाने जाते, उजवी सावकाश. बर्फावर वेग कमी असेल तर घर्षण जास्त. यावर जुना आक्षेप असा होता की डावी-उजवीकडचं घर्षण वेगळं असलं तरी त्याचा जोर मागच्या दिशेने लागतो, त्याने दगड आडवा कसा सरकेल? मुरातांचं उत्तर असं की संपर्क अखंड नसून तुटक बिंदूंचा आहे. सावकाश बाजूचे बिंदू जास्त अडकतात आणि दगड त्यांच्याभोवती झुलत उजवीकडे सरकतो. मला हे स्पष्टीकरण सर्वांत पटतं, कारण शेवटी वेग कमी झाल्यावर वळण का वाढतं, हेही त्यातून कळतं. मात्र चऱ्यांचा मुद्दा त्यामुळे निकालात निघाला, असं मला वाटत नाही.

त्याला कारण आहे झाडू, म्हणजे खेळाडूंच्या हातातला ब्रश. दगडापुढे दोघी खेळाडू जीव तोडून बर्फ घासतात, त्याने पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब आणि सरळ जातो. २०१५ च्या सुमारास मात्र नव्या खरखरीत कापडाचे ब्रश आले. त्यांनी एकच खेळाडू बर्फावर असे ओरखडे काढू लागली की दगड जणू हाताने वळवल्यासारखा जाई. फेकण्याचं कौशल्यच निरर्थक ठरेल, असं म्हणत अनेक नामवंत खेळाडूंनीच तक्रार केली. २०१६ मध्ये जागतिक कर्लिंग महासंघाने कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन चाचण्या केल्या आणि ब्रशचं कापड प्रमाणित केलं. चऱ्यांनी दगड वळतो, हे प्रयोगशाळेबाहेर खेळाडूंनीच दाखवून दिलं होतं.

यानंतर महिलांचा एखादा मोठा सामना पाहाल, उदाहरणार्थ २०२४ आणि २०२५ ची जगज्जेती रॅचेल होमन खेळत असताना, तेव्हा हाउसमध्ये उभी असलेली खेळाडू दगड टाकणारीला नेम दाखवायला ब्रश कुठे धरते ते बघा. दगड थांबवायचा असतो त्या जागी ती तो धरत नाही. मीटरभर बाजूला धरते आणि उरलेलं अंतर त्या अरुंद कडीवर सोडते. मग दगडाचा शेवटचा एक तृतीयांश प्रवास बघा. पेट्झ आणि होमन ते वळण आधीच मोजून बसलेल्या असतात.