मुंबई पाहताना वार आणि वेळ: आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या गिरगावातील निवासगृहात उतरणारे पाहुणे आल्या आल्या पत्ते विचारतात. पत्ता फोनवरही सापडतो. फजिती होते ती वार आणि वेळ चुकल्यामुळे. त्यामुळे या पत्रकात कोठे कधी जावे, यावरच आम्ही भर दिला आहे.

न्याहारीसाठी चालत धोबीतलावापर्यंत जावे. तेथील क्यानी अँड कंपनी हे इराणी उपाहारगृह 1904 पासून चालू आहे. ब्रुन मस्का चहात बुडवूनच खावा, कारण या पावाचे कडक कवच कोरडे खाल्ल्यास टाळूला टोचते. मावा केक घेण्यास मात्र संध्याकाळची वाट पाहू नये.

तेथून क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, फार दूर नाही. 1869 मध्ये पूर्ण झालेल्या या मंडईत बहुतेक लोक फळांकडे पाहत थेट आत शिरतात. आपण क्षणभर प्रवेशद्वारापाशी थांबून वर पाहावे, म्हणजे लॉकवुड किपलिंग यांच्या रचनेनुसार दगडात कोरलेली शेतकऱ्यांची शिल्पे दिसतील. जवळच्या मंगलदास मार्केटात कापड घ्यायचे असल्यास रविवार टाळावा. दुकानदार गाद्यांवर ठाण उलगडून बसतात. दोन-चार ठिकाणी पोत आणि भाव पाहिल्याशिवाय कापड फाडायला सांगू नये, कारण एकदा फाडलेले कापड परत घेतले जात नाही.

बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (1923) केवळ दुपारच्या जेवणापुरते उघडे असते, त्यामुळे आंबटगोड बेरी पुलाव खायचा असल्यास तेथे गर्दी होण्यापूर्वीच पोहोचावे. माटुंगा स्थानकाजवळील रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासूनचे आहे. तेथे केळीच्या पानावर पोटभर वाढतात. सोमवारी मात्र ते बंद असते.

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. चोर बाजाराबाबत पाहुण्यांचा गोंधळ ठरलेला: मटण स्ट्रीटवरील जुन्या वस्तूंची दुकाने शुक्रवारी बंद असतात, आणि त्याच दिवशी भल्या पहाटे रस्त्यावर जुन्या सामानाचा वेगळा बाजार भरतो. निवांत पाहून घासाघीस करायची असेल, तर इतर वारीच जावे.

रविवारी फोर्ट भाग शांत असतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून काळा घोड्यापर्यंतच्या इमारती मान वर करून पाहण्यास हाच दिवस उत्तम. मात्र त्या भागातील अनेक उपाहारगृहे बंद असल्याने पोटाची सोय आधी करावी. दुपारी मराठी नाटक पाहायचे ठरवल्यास वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती वाचाव्यात. दादरच्या शिवाजी मंदिरात (1965) मध्यंतराची घंटा होताच बटाटेवड्यांसाठी धावपळ उडते, म्हणून काठाची खुर्ची मागून घेणे आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटते.

दादर-माटुंग्याकडे संध्याकाळी लोकलने निघू नये. त्या वेळी घरी परतणाऱ्यांची गर्दी त्याच दिशेने असते. दादरसाठी गिरगाव स्थानकावरून भुयारी मेट्रो सोयीची पडते. नाटक किंवा जेवणानंतर रात्री उशिरा परतणार असल्यास निघतानाच आम्हांला सांगून ठेवावे, म्हणजे वाडीचे फाटक उघडण्यासाठी कोणीतरी जागे राहील.