एका कागदाच्या दोन घड्या

छपाईचा इतिहास शिकवताना सगळं कौतुक जर्मन मुद्रक गुटेनबर्गने छापलेल्या बायबलचं होतं. युरोपात खरी खळबळ माजवली ती मात्र आठ पानी चोपड्यांनी. बायबलची पानं १२८२, प्रती अंदाजे १८० आणि काम काही वर्षं चाललेलं. तोवर पैसा कागदात अडकलेला. १४५५ मध्ये भांडवल पुरवणाऱ्या फुस्टने गुटेनबर्गवर दावा ठोकला.

चोपडी एकाच कागदात बसते. कशी, ते करूनच बघा. कोरा कागद मधोमध दुमडा, मग आडवा फिरवून पुन्हा दुमडा. घडी न फाडता, आत डोकावून पानांवर १ ते ८ आकडे घाला आणि कागद पूर्ण उघडा. एका बाजूला १, ४, ५, ८ आणि दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७ दिसतील. १ च्या शेजारी ८. वरच्या ओळीत ४ आणि ५, तेही डोकं खाली. मागे २ शेजारी ७, ३ शेजारी ६. प्रत्येक जोडीची बेरीज ९! खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवणाऱ्याला ती आरशातल्यासारखी उलटी लावायची असत, त्यावर ही पानांची उलटापालट. पण एकदा साचा बसला, की कागद यंत्राखालून दोनदाच जायचा. बांधणीचा खर्च नाही, विक्री लगेच.

१५१८ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पापमुक्तीपत्रांवरचं (पापाची शिक्षा माफ म्हणून चर्च पैसे घेऊन देई ती पत्रं) प्रवचन लॅटिनऐवजी जर्मनमध्ये काढलं, ते नेमकं एवढ्याच आकाराचं. गठ्ठे गावोगाव पाठवायची गरज नव्हती. एक प्रत लाइपझिगला, न्यूरेंबर्गला किंवा बाझेलला पोचली, की तिथला छापखाना नव्याने खिळे जुळवून घेई. १५२० पर्यंत वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

याच यंत्रांनी भीतीही विकली. फेब्रुवारी १५२४ मध्ये मीन राशीत ग्रह एकत्र येणार, म्हणून जलप्रलय होणार, असं सांगणाऱ्या चोपड्यांचा सुळसुळाट झाला. प्रलय आला नाही. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीलाही (आठ ग्रह एका राशीत) यज्ञ झाले आणि पृथ्वी फिरत राहिली. ग्रह आकाशात एका रेषेत दिसले म्हणून इथलं पाणी चढत नाही.

त्या न आलेल्या प्रलयाच्या पुढच्याच वर्षी, १५२५ मध्ये, दक्षिण जर्मनीतल्या मेमिंगेनमध्ये जमलेल्या बंडखोर शेतकऱ्यांच्या १२ मागण्या अशाच चोपडीतून जर्मन मुलखात पसरल्या. तिसरी मागणी भूदासपणातून, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचं बांधील माणूस असण्यातून, सुटकेची होती.