‘पासून’, ‘पर्यंत’, ‘ला’, ‘शी’: इंग्रजी कागद टाइप करून घेण्यापूर्वी वाचा

आमच्याकडे येणारे बरेच जण मजकूर घरून हाताने लिहून आणतात. नोकरीचा अर्ज, बायोडेटा, बँकेला पत्र, भाडेकरार, परदेशात शिकणाऱ्या मुलाच्या कॉलेजला पाठवायचा कागद. टाइप करताना आम्ही स्पेलिंग दुरुस्त केलं तर कुणाची हरकत नसते. पण ‘इन’, ‘ऑन’, ‘फॉर’, ‘टू’ यातलं काही बदललं की लगेच विचारणा होते, “हे का काढलं? बरोबरच होतं की.” काउंटरवर चार माणसं थांबलेली असताना ते नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक छापलं आहे. दोन दिवस घरी ठेवा, सवडीने वाचा.

या चुका अडाणीपणाच्या नाहीत. आपण मराठीत विचार करतो आणि मराठीचा हिशेब इंग्रजीत लावतो, त्यातून त्या होतात. मराठीत संबंध दाखवणारा तुकडा शब्दाच्या मागे चिकटतो: घराला, घरात, घरापासून. इंग्रजीत तो सुटा शब्द असतो आणि नामाच्या आधी येतो. हे शाळेतच कळतं. खरी अडचण अशी, की मराठीतला एकच तुकडा इंग्रजीतल्या तीन-चार शब्दांचं काम करतो, आणि कधी कधी तर तिथे इंग्रजीला कुठलाच शब्द नको असतो.

‘पासून’ घ्या, कारण बायोडेटात हा हमखास चुकतो. ‘मी 2019 पासून इथे काम करतो’ आणि ‘मी तीन वर्षांपासून इथे काम करतो’, दोन्हीकडे आपण ‘पासून’च म्हणतो. इंग्रजी मात्र विचारतं, तुम्ही सुरुवात सांगताय की लांबी? सुरुवात सांगायची असेल तर ‘सिन्स 2019’. लांबी सांगायची असेल तर ‘फॉर थ्री इयर्स’. ‘सिन्स थ्री इयर्स’ चूक आहे. शिवाय काम अजून चालू असेल तर क्रियापदही बदलतं: ‘आय ॲम वर्किंग’ नाही, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’. मुलाखत घेणाऱ्याची नजर बायोडेटात आधी इथेच जाते, म्हणून ही एक ओळ तरी पाठ असू द्या.

‘पर्यंत’ची चूक याहून महाग पडू शकते, कारण तिथे पैशाचा आणि मुदतीचा प्रश्न असतो. ‘सोमवारपर्यंत दुकान बंद राहील’ आणि ‘सोमवारपर्यंत पैसे देतो’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात बंद असणं सोमवार येईतो चालूच राहतं, तिथे ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. दुसऱ्यात पैसे एकदाच द्यायचे आहेत, फार तर सोमवारी, तिथे ‘बाय मंडे’. ‘आय विल पे टिल मंडे’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस सोमवार येईपर्यंत पैसे देतच राहणार आहे.

तसंच ‘दोन दिवसांत’चं. ‘इन टू डेज’ हा आपल्याला शब्दाला शब्द वाटतो, पण इंग्रजी वाचणारा त्याचा अर्थ बहुधा ‘दोन दिवसांनी’ असा घेतो. मुदतीच्या आत असं म्हणायचं असेल तर ‘विदिन टू डेज’ लिहा. कोटेशनमध्ये किंवा माल पोहोचवण्याच्या पत्रात हा फरक भांडणाचं कारण होतो.

भाडेकरारात आम्ही ‘टिल’ वापरतच नाही. अकरा महिन्यांचा करार असेल तर दोन्ही तारखा पूर्ण घालतो, जसं ‘फ्रॉम 1 जून 2025 टू 30 एप्रिल 2026’, आणि पुढे ‘बोथ डेज इन्क्लुझिव्ह’ जोडतो. म्हणजे शेवटचा दिवस कुणाचा, हा वाद राहत नाही. दुकानाच्या पाटीवर वेळ लिहिताना ‘फ्रॉम 10 टू 5’ किंवा ‘बिट्वीन 10 अँड 5’ असं लिहा. ‘बिट्वीन 10 टू 5’ ही दोघांची सरमिसळ आहे.

आता ‘ला’. ‘मला सांगा’, ‘मला समजावून सांगा’, ‘मला विचारा’, मराठीत तिन्हीकडे ‘मला’. इंग्रजीत ‘टेल मी’, ‘आस्क मी’, पण ‘एक्स्प्लेन टू मी’ आणि ‘से टू मी’. असं का, याला सोपा नियम नाही. क्रियापद त्याच्या जोडीदारासकट लक्षात ठेवावं लागतं, जसं आपण ‘वडिलांना भितो’ पण ‘वडिलांवर चिडतो’ हे कुणी न शिकवता बोलतो. ‘पुण्याला पोहोचलो’ मध्येही ‘ला’ आहे, पण ‘रीच’ला काही लागत नाही: ‘आय रीच्ड पुणे’. ‘अराइव्ह’ला मात्र लागतं, शहर असेल तर ‘इन’, स्टेशन असेल तर ‘ॲट’. ‘फोन केला’ म्हणताना ‘आय कॉल्ड यू’. मध्ये ‘टू’ नको.

नको तिथे शब्द घालण्याचा प्रकार पत्रांत सर्वांत जास्त दिसतो. ‘वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर’ यातला ‘अबाउट’ काढा, कारण ‘च्याबद्दल’ हा अर्थ ‘डिस्कस’च्या पोटातच आहे. ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ मधला ‘फॉर’ काढा. ‘वी ऑर्डर्ड फॉर टू फॅन्स’ मधलाही काढा. ‘एम्फसाइझ ऑन’, ‘कॉन्टॅक्ट टू’ आणि ‘रिटर्न बॅक’ यांतलेही जादा शब्द काढा. इथे ग्राहक हटकून म्हणतात, “पण रिक्वेस्ट फॉर लीव्ह तर सगळीकडे दिसतं.” बरोबर आहे, दिसतं. तिथे ‘रिक्वेस्ट’ नाम असतं: ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. नाम झालं की त्याला ‘फॉर’ लागतं, ‘डिस्कशन’ला ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ लागतं, ‘इफेक्ट’ला ‘ऑन’ लागतं. तोच अर्थ क्रियापदाने सांगितला की ते गळतं. ‘पावसाचा पिकावर परिणाम झाला’ हे ‘इफेक्ट ऑन द क्रॉप’ असं लिहा किंवा ‘अफेक्टेड द क्रॉप’ असं लिहा, पण ‘अफेक्टेड ऑन’ लिहू नका. पीकविम्याच्या अर्जात हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाला लागतं.

‘शी’ दिसला की हात ‘विथ’कडे जातो. ‘सहमत’साठी तो जुळतो, ‘ॲग्री विथ’. लग्नासाठी जुळत नाही, तिथे ‘मॅरीड टू’. नावातल्या बदलाच्या किंवा पासपोर्टच्या कागदात हे आवर्जून बघा. ‘ने’चंही तसंच: बसने ‘बाय बस’, चाकूने ‘विथ अ नाइफ’, आणि कुणी हृदयविकाराने गेलं असेल तर ‘डाइड ऑफ अ हार्ट अटॅक’. विम्याच्या आणि वारसाच्या कागदांत ‘डाइड बाय’ लिहिलेलं येतं. अशा वेळी घरच्यांना व्याकरण सांगत बसणं बरं दिसत नाही, आम्ही न बोलता दुरुस्त करतो.

‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ हे बहुतेक ठिकाणी खरं. पण ‘सिनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे शब्द लॅटिनमधून आले आहेत आणि त्यांना ‘टू’ लागतं. सेवाज्येष्ठतेच्या अर्जात ‘सिनियर टू मी’ लिहा. ‘प्रिफर’लाही ‘टू’च: ‘आय प्रिफर टी टू कॉफी’.

दिवस-वेळेचं लवकर आटोपतं: वर्ष आणि महिना ‘इन’, वार आणि तारीख ‘ऑन’, घड्याळाची वेळ ‘ॲट’. ‘सकाळी’ म्हणजे ‘इन द मॉर्निंग’, पण ‘सोमवारी सकाळी’ म्हणजे ‘ऑन मंडे मॉर्निंग’, आणि ‘रात्री’ म्हणजे ‘ॲट नाइट’.

पत्राचा शेवट मात्र जपून लिहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ ही चूक शिकलेल्या माणसांच्याही हातून होते. इथला ‘टू’ क्रियापदाचा नाही, नामाआधी येणारा आहे, म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. आणि विषयाच्या ओळीत ‘विथ रिगार्ड टू’ लिहा. ‘रिगार्ड्स’ हा शब्द पत्राच्या तळाशी, सहीच्या वर शोभतो.

पत्त्याबद्दल एक सांगायचं आहे. आपण ‘मु. पो.’चं ‘ॲट पोस्ट’ करतो. महाराष्ट्रातल्या टपालाला ते नेमकं कळतं आणि इथल्या पत्त्यावर आम्ही ते ठेवतो. परदेशी कॉलेज किंवा दूतावासाच्या फॉर्मवर ते वाचणाऱ्याला उमगत नाही. तिथे गावाचं नाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि पिनकोड एवढंच द्या, ‘ॲट’ची गरज नाही. बायोडेटातल्या ‘पास्ड आउट इन 2018’चंही तेच. भारतात त्याचा अर्थ पदवी मिळवली असा घेतात. ब्रिटन-अमेरिकेतला वाचणारा आधी ‘बेशुद्ध पडला’ असा अर्थ घेईल. ‘ग्रॅज्युएटेड इन 2018’ लिहिलं की शंका उरत नाही.

काही ठिकाणी आम्ही हात लावत नाही, कारण दोन्ही रूपं चालतात. फॉर्म ब्रिटिश लोक ‘फिल इन’ करतात, अमेरिकन ‘फिल आउट’. ‘ॲट द वीकेंड’ ब्रिटनचं, ‘ऑन द वीकेंड’ अमेरिकेचं. कागद कोणत्या देशात जाणार ते सांगा, त्याप्रमाणे ठेवू. आणि वाक्याच्या शेवटी ‘टू’ किंवा ‘फॉर’ येऊ नये असं कुणी शिकवलं असेल तर ते मनातून काढा. जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनातला हा दोष म्हणून दाखवला आणि पुढे शाळांनी त्याचा नियम केला. ‘हूम आर यू वेटिंग फॉर?’ हे वाक्य शुद्धच आहे.

मसुदा आणाल तेव्हा एक ओळ सोडून एक ओळ लिहा, म्हणजे दुरुस्ती शब्दाच्या वरच दिसेल. इंग्रजीत अडलात तर ते वाक्य मराठीतच लिहून आणा, खाडाखोड केलेल्या इंग्रजीपेक्षा आम्हाला ते सोपं जातं. छापील प्रत हातात आल्यावर तारखा, रकमा आणि त्यांच्या आधीचे छोटे शब्द बोट ठेवून वाचा. काही बदललेलं वाटलं तर घेऊन जाण्याआधी विचारा. त्या दुरुस्तीचे आणि दुसऱ्या छपाईचे पैसे आम्ही घेत नाही.