क्रीम त्वचेत ‘जिरलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘क्षणात त्वचेत जिरतं, चिकटपणा अजिबात नाही.’ मॉइश्चरायझरच्या जाहिरातीत हे वाक्य हमखास असतं. आपण क्रीम चोळतो, ते दिसेनासं होतं आणि त्वचेने ते पिऊन टाकलं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं आत गेलेलंच नसतं. नेहमीच्या लोशनमध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि त्यातलं बहुतेक हवेत उडून जातं. तेलं आणि मेणं त्वचेच्या सर्वात बाहेरच्या, मृत पेशींच्या थरावर आणि त्याच्या फटींमध्ये पसरून राहतात. कोपर ते मनगट या भागात हा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, तरी ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू सहसा त्यातून पलीकडे जात नाहीत.

मग ‘जिरलं’ असं वाटतं ते कशामुळे? या वाटण्याचं मोजमाप उद्योगात आजही मुख्यतः माणसंच करतात. त्यासाठी प्रशिक्षित परीक्षकांचं पॅनेल असतं. नमुन्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. परीक्षकाच्या हातावर, कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखतात, त्यात ०.०५ मिलिलिटर क्रीम टाकतात आणि परीक्षक एका बोटाने सेकंदाला दोन फेरे या ठेक्यात ते चोळतो. ठेका चुकू नये म्हणून मेट्रोनोम लावतात. तीन फेऱ्यांनंतर ओलेपणाला गुण द्यायचे, बारा फेऱ्यांनंतर जाडी, तेलकटपणा, मेणचटपणा यांना. पुढे नुसतं मोजत राहायचं. ओली चकाकी जाऊन बोटाला अडथळा लागेपर्यंत किती फेरे झाले? १२० फेऱ्यांना थांबायचं. हा आकडा म्हणजे त्या क्रीमची ‘शोषणक्षमता’. यात त्वचेच्या आत काय गेलं हे कुणीच तपासलेलं नाही, बोटाला काय लागलं तेवढंच नोंदवलेलं आहे. आणि ‘आवडलं का?’ हा प्रश्न या पॅनेलला विचारतच नाहीत. आवडनिवड सांगायला वेगळे, अप्रशिक्षित ग्राहक असतात.

आता त्या बोटाखाली काय घडतं ते पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. ०.०५ मिलिलिटर क्रीम २० चौरस सेंटिमीटरवर पसरलं की थर होतो २५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. एवढ्या पातळ थरावरून बोट सेकंदाला १५-२० सेंटिमीटर वेगाने फिरतं. वेग भागिले जाडी केलं तर अपरूपणाचा दर, म्हणजे थरावर थर सरकण्याचा वेग, सेकंदाला काही हजारांच्या घरात जातो. इतक्या ताणाखाली क्रीमचा घट्टपणा टिकत नाही. डबीत टोक काढून उभं राहणारं क्रीम बोटाखाली जवळजवळ पाण्यासारखं वाहू लागतं. ओल्या रस्त्यावर वेगातलं टायर जसं पाण्यावर तरंगतं तसं बोट या थरावर तरंगतं. त्वचेला त्वचा टेकतच नाही, म्हणून स्पर्श गुळगुळीत लागतो.

१९०२ साली रिखार्ड स्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने यंत्रांच्या बेअरिंगमधलं घर्षण मोजून दाखवलं होतं की वंगणाची श्यानता (दाटपणा), वेग आणि दाब यांच्या प्रमाणावर घर्षण ठरतं. श्यानता गुणिले वेग भागिले दाब हा आकडा मोठा असेल तर पृष्ठभाग एकमेकांपासून सुटे राहतात. तो घसरला की मधूनमधून टेकण्याची मिश्र अवस्था येते आणि शेवटी पृष्ठभाग एकमेकांना भिडतात. बोट आणि हात हेही एक बेअरिंगच आहे, फक्त त्यातलं वंगण दर सेकंदाला बदलत असतं. पाणी उडतं, तेलाचे थेंब जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि पाण्यात तेल होतं तिथे तेलाचा सलग पापुद्रा उरतो. दरम्यान थोडं पाणी मृत पेशींच्या थराने शोषलेलं असतं. तो मऊ पडतो, बोटाला जास्त क्षेत्रफळावर टेकतो आणि घर्षण वाढतं. बोट अडकत-सुटत पुढे सरकतं. त्यातून उठणारी सूक्ष्म कंपनं त्वचेतली पॅचिनी कणिका टिपते. सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या आसपास ती सर्वात तीक्ष्ण असते. अडकत-सुटत जाणाऱ्या बोटाचा हा संदेश मेंदूपर्यंत पोचला की आपण म्हणतो, ‘जिरलं’. बोटाची ही क्षमता थक्क करणारी आहे : २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की फिरत्या बोटाला अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही ओळखता येतात.

ओलेपणाची कथा तर याहून विलक्षण. माणसाच्या त्वचेत ओलेपणाची संवेदना टिपणारा ग्राहक (रिसेप्टर) मुळात नाहीच. कीटकांना आर्द्रतेचे ग्राहक असतात, आपल्याला नाहीत. थंडावा आणि स्पर्श यांची सांगड घालून मेंदू ओलेपणाचा अंदाज बांधतो. पातळ रबरी हातमोजा घालून हात गार पाण्यात बुडवा : बोटं कोरडी असूनही ओली वाटतील. लोशन ओलं वाटतं तेही मुख्यतः पाणी उडताना त्वचेची उष्णता नेतं म्हणून. मेंथॉल टाकलं तर थंडीचा टीआरपीएम८ हा ग्राहक तापमान न बदलताच जागा होतो.

म्हणूनच ‘झिणझिण्या आल्या, म्हणजे क्रीम काम करतंय’ ही समजूत मनातून काढून टाकावी. झिणझिण्या चेतातंतूंच्या आहेत, सुरकुत्यांशी त्यांचा संबंध नाही. कधीकधी तर तो दाह असतो. कोलॅजनचं क्रीम आत जाऊन त्वचेचं कोलॅजन भरून काढतं, हा दावाही तसाच पोकळ. तो रेणू ३ लाख डाल्टनच्या आसपासचा आहे!

मात्र स्पर्शाची ही परीक्षा केवळ चैनीसाठी चालते असं नाही. सनस्क्रीनचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर लावून मोजतात. लोक साधारण ०.५ ते १ मिलिग्रॅमच लावतात, आणि त्वचा चिपचिपीत होते ही त्यामागची एक मोठी तक्रार असते. अतिनील किरण अडवणारे अनेक घटक मुळातच तेलकट द्रव असतात, त्यामुळे ती तक्रार खोटी नाही. त्यावर उपाय म्हणून तेल शोषणारे सिलिकाचे बारीक गोलक किंवा उडून जाणारी सिलिकोन तेलं मिसळतात. यातल्या डी५ सारख्या सिलिकोनांवर, ती पर्यावरणात टिकून राहतात म्हणून, युरोपीय संघाने निर्बंध घातले आहेत. धुऊन न टाकण्याच्या प्रसाधनांत जून २०२७ पासून ती ०.१ टक्क्याहून जास्त चालणार नाहीत. तशीच घसरण देऊन तसाच कोरडा मुलायमपणा मागे ठेवणारा पर्याय शोधायचं काम सध्या सुरू आहे, आणि तो जमला की नाही हे पुन्हा ती प्रशिक्षित बोटंच सांगणार आहेत.