नोकरी सोडून फिजिओथेरपीला जायचंय? राजीनाम्याआधी बारावीची मार्कशीट काढा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. शेजारीपाजारी कोणाला लागलं तर खुशाल झेरॉक्स काढून द्या.)

नागपूरच्या मेडिकल चौकाजवळचं आमचं हे छोटंसं कार्यालय. प्रवेशाचे फॉर्म भरणं, कागदपत्रं लावणं, राउंडमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम ठरवायला मदत करणं, एवढंच काम. पूर्वी आईवडील पोराला घेऊन यायचे. हल्ली पोराला शाळेत सोडून आई एकटीच येते आणि खुर्चीवर बसत हळूच म्हणते, ''माझ्यासाठीच विचारायचं होतं.'' बँकेतले येतात, मिहानमधल्या कंपन्यांतले येतात, जिममध्ये ट्रेनर असलेले येतात. बहुतेकांच्या घरात कोणाचा तरी गुडघा, कंबर किंवा लकवा झालेला असतो आणि तिथेच फिजिओथेरपिस्टचं काम जवळून बघितलेलं असतं.

पहिला प्रश्न ठरलेला असतो, ''या वयात घेतात का हो?''

घेतात. वयाचा प्रश्न सगळ्यांत सोपा आहे. महाराष्ट्रात बीपीटीएचचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, प्रवेश 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो आणि नीटची वरची वयोमर्यादा मार्च २०२२ मध्येच काढून टाकली. खालची मर्यादा आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. तुम्ही ३४ चे असाल तर ती अट दोनदा पूर्ण झाली. अडतं ते दुसरीकडेच.

खरी अडचण बारावीत असते

तुमची पदवी कोणतीही असो, एम.कॉम. असो की बी.ई., या प्रवेशात ती बाजूला राहते. बघितली जाते ती बारावी, आणि बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. हे ऐकल्यावर इंजिनिअर मंडळी गप्प होतात, कारण त्यांनी अकरावीतच जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं असतं. एक जण दहा वर्षांची नोकरी सोडून, नोटीस पिरियड संपवून आमच्याकडे आला. मार्कशीट उघडली तर बायोलॉजीच नाही. त्या दिवसापासून आम्ही वय विचारतच नाही, आधी मार्कशीट मागतो.

यावर उपाय आहे, पण त्यात एक वर्ष जातं. फक्त जीवशास्त्र राहिलं असेल तर तेवढाच विषय वेगळा देता येतो. राज्य मंडळात याला 'आयसोलेटेड' म्हणतात आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतूनही, म्हणजे एनआयओएसमधूनही, विषय घेता येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलेलं जीवशास्त्र मान्य केलं, त्यामुळे अशांना नीटचं दार उघडलं. तरीही पैसे भरायच्या आधी सीईटी कक्षाच्या, म्हणजे या प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या, त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतली बीपीटीएचच्या पात्रतेची ओळ शब्द न् शब्द वाचायची. ती आम्ही तुमच्यासमोर बसून वाचतो. उन्हाळ्यातल्या परीक्षेला बसायचं तर आदल्या पावसाळ्यातच नाव घालावं लागतं, आणि प्रॅक्टिकल चुकवू नका.

कॉमर्स किंवा आर्ट्सवाल्यांना तिन्ही विषय नव्याने करावे लागतात, तेही प्रॅक्टिकलसकट. ''सहा महिन्यांत उरकतो'' म्हणणारे बरेच भेटले. आमचा अंदाज विचाराल तर नीट धरून दोन वर्षं.

अमेरिकेचे व्हिडिओ बघून आला असाल तर

तिथली रचना उलटी आहे. अमेरिकेत आधी कुठल्याही विषयातली पदवी घ्यायची, शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, भौतिक, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे ठरावीक विषय पूर्ण करायचे, क्लिनिकमध्ये थांबून निरीक्षणाचे तास भरायचे आणि मग साधारण तीन वर्षांच्या डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) डॉक्टरेटला अर्ज करायचा. म्हणून तिथे वयाच्या तिशीत व्यवसाय बदलणं त्यांच्या पद्धतीतच बसतं. ब्रिटनमध्येही पदवीधरांसाठी दोन वर्षांचा प्री-रजिस्ट्रेशन एमएससी, म्हणजे फिजिओ म्हणून नोंदणीला पात्र करणारा अभ्यासक्रम, असतो. आपल्याकडे फिजिओथेरपीचं दार बारावीनंतरच उघडतं. बी.एस्सी. झालं म्हणून थेट दुसऱ्या वर्षाला किंवा एमपीटीएचला (फिजिओच्या पदव्युत्तर पदवीला) घेत नाहीत.

याच फटीत 'सहा महिन्यांत फिजिओ डिप्लोमा'वाले शिरतात. अशा कागदावर राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय स्वतःच्या नावाची पाटी लावता येत नाही. आमच्या एका ग्राहक ताईंचे अशा ठिकाणी चाळीस हजार गेले. पावतीसुद्धा साध्या पॅडवरची.

नीट

१८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. भौतिकचे ४५, रसायनचे ४५, जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. पेपर मराठीतूनही घेता येतो. पण पंधरा वर्षं इंग्रजीत काम केलेल्यांनी हौसेने मराठी निवडू नये, 'आंतर्द्रव्यजालिका' म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम हे लक्षात येईपर्यंत वेळ जातो.

निम्मा पेपर जीवशास्त्राचा असतो, ही नोकरदारांसाठी चांगली गोष्ट आहे. जीवशास्त्र रोज पहाटे दीड तास वाचून येतं. भौतिकाला मात्र गणित सोडवायचा हात लागतो, आणि तोच पहिला जातो. एका ग्राहकाने आम्हाला सांगितलं की अकाउंट्समध्ये पंधरा वर्षं घालवूनही सदिशांची बेरीज बघून घाम फुटला. भौतिकात सगळे धडे धरू नका, निवडक धडे पक्के करा. फिजिओसाठी लागणारी गुणसंख्या एमबीबीएसपेक्षा बरीच खाली असते, त्यामुळे ६०० च्या मागे लागून झोप उडवायची गरज नाही. त्या त्या वर्षीचे कटऑफ आमच्याकडे लावलेले असतात, येऊन बघा.

परीक्षा मे महिन्यात, दुपारी २ ते ५. नागपुरात मे महिन्यातली दुपार म्हणजे काय ते आम्ही सांगायला नको. दीडला गेट बंद होतं. घरून कांदा खिशात घालून निघा म्हटलं तर हसू नका, फक्त तपासणीआधी तो काढून ठेवा.

त्या वर्षीचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. यंदाची नीट देऊन पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ, असं होत नाही.

कागदपत्रं: मोठ्या वयात हेच जास्त छळतं

अठरा वर्षांच्या पोराची फाइल दोन दिवसांत होते. तुमची नाही. टी.सी. पहिल्या कॉलेजात जमा झालेली असते, मायग्रेशन प्रमाणपत्र विद्यापीठातून काढायचं राहिलेलं असतं, आणि बारावीची मूळ मार्कशीट आईच्या लोखंडी पेटीत, घडीवर फाटलेली. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं: कोणत्या साली काय करत होतो आणि दुसरीकडे कुठे प्रवेश घेतलेला नव्हता. नोकरीची वर्षं त्यात नीट लिहा. उगाच 'घरी होतो' लिहून मोकळे होऊ नका, पुढे पडताळणीत तेच आडवं येतं.

लग्न झालेल्या ताईंसाठी दोन गोष्टी. पहिली नावाची: नीटच्या फॉर्मवर दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव लागतं. आधारवर सासरचं नाव असेल तर फॉर्म सुटायच्या दोन महिने आधीच विवाह प्रमाणपत्र, आणि नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्र, हाताशी ठेवा. दुसरी जातीची: तुमचं जात प्रमाणपत्र वडिलांकडून येतं आणि नॉन-क्रीमिलेअर ठरतं आईवडिलांच्या स्थितीवरून. नवऱ्याचा पगार त्यात धरत नाहीत. दर हंगामात निदान पाच-सहा जणी नवऱ्याचा फॉर्म १६ घेऊन येतात आणि वडिलांचे कागद आणायला परत माहेरी, गोंदियाला नाहीतर यवतमाळला जातात.

जात वैधता प्रमाणपत्राचं काम सगळ्यांत आधी सुरू करा. समितीकडे महिने लागतात, आणि वडिलांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच एक महिना जातो.

छिंदवाडा, बालाघाट, शिवनीहून नागपुरात येऊन स्थायिक झालेल्यांनी विशेष लक्ष द्या. राज्याच्या जागांसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी-बारावीही महाराष्ट्रातून लागते. वीस वर्षांपासून इथे घर असलं तरी बारावी मध्य प्रदेशची असेल तर आधी आमच्याशी बोला, मग क्लास लावा.

आधी आठवडाभर बघून या

आमच्या फीत हे धरलेलं नाही, पण आम्ही आग्रहाने सांगतो: ओळखीच्या फिजिओथेरपिस्टला विचारून सलग सहा दिवस त्यांच्या क्लिनिकमध्ये कोपऱ्यात उभे राहा. आमच्यातला एक जण असा उभा राहून आलाय. गुडघा बदललेल्या एक आजी पलंगावर. डॉक्टरीण बाईंनी गोनिओमीटर लावला. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्यासारखं ते असतं. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या. ६५ अंश. ''काल ६० होते आजी, आज पाच वाढले.'' मग टाच हळूहळू मागे सरकवायची, थांबायचं, दहा मोजायचे. आजी ''मेली वो माय'' म्हणून ओरडल्या. बाई तशाच मोजत राहिल्या: सात, आठ, नऊ. खुर्चीतून धड उठायला साधारण ९० अंश लागतात, हे त्या दहाव्यांदा शांतपणे समजावत होत्या. दुपारी एकपर्यंत असे अकरा जण झाले. मध्ये बसायला मिळालं नाही.

लोक याला 'शेक द्यायला जातो' म्हणतात. टेन्स (दुखण्यावर सौम्य वीजप्रवाह देणारं), अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन (मणक्याला ताण देणारं) ही यंत्रं असतातच, पण दिवसाचा मोठा भाग असा हाताने आणि तोंडाने जातो. सहा दिवसांनी पाय दुखले आणि तरी सातव्या दिवशी जावंसं वाटलं, तर मग फॉर्मचं बोलू.

वेळ आणि पैसा

आजवर हा अभ्यासक्रम चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप असा होता. फिजिओसारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या वेगळ्या राष्ट्रीय आयोगाने (एनसीएएचपी) २०२५ मध्ये आणलेल्या नव्या आराखड्यात इंटर्नशिप एक वर्षाची आहे, म्हणजे पाच वर्षांचा हिशोब धरा. वर्ग दिवसा, हजेरी सक्तीची. पहिल्याच वर्षी शरीररचनेचं डिसेक्शन, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्री. बाहेरून, पार्ट टाइम किंवा रविवारचं असं काही नसतं. दिवसाची नोकरी सुटते हे गृहीत धरूनच घरी बोला.

मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, शासकीय फी असल्यामुळे सगळ्यांची नजर तिकडे असते, आणि तिथे जागा थोड्या. शिवाय वैद्यकीय प्रवेशातला ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या विद्यार्थ्यांना) २०२० मध्ये गेला, त्यामुळे नागपूरच्या जागेवर सांगलीचा विद्यार्थीही येतो. मेडिकलमध्येच ऑक्युपेशनल थेरपीही आहे. ती कमी प्रतीची समजून यादीत खाली टाकू नका. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा शर्टाचं बटण लावता येणं हे तिचं काम, आणि काहींना तेच जास्त आवडतं. खासगीत डिगडोह आणि वानाडोंगरी इथली कॉलेजं, दोन्ही हिंगण्याच्या बाजूला. सीताबर्डीहून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरपर्यंत जाते, पुढे ऑटो. वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं कॉलेज अभिमत विद्यापीठाचं, त्याची प्रवेशप्रक्रिया आणि फी वेगळी.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घटकांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ करण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ चा आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं, आणि जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजाची आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

पदवीनंतर पहिली दोन-तीन वर्षं तुमच्या आजच्या पगाराइतकं मिळेल अशी आशा धरू नका. नागपुरात बहुतेक जण सकाळी कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये, संध्याकाळी घरभेटी, असं करत उभे राहतात. तुमचे जुने ओळखीचे लोक, सोसायटी, ऑफिस, हे तेव्हा उपयोगी पडतात, आणि तिथे तुम्ही बावीस वर्षांच्या पोरांच्या पुढे असता.

आमच्याकडे येताना

पहिलं बोलणं मोफत. दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट, टी.सी. असेल ती, आधार, जातीचे कागद आणि लग्न झालं असेल तर विवाह प्रमाणपत्र घेऊन या. झेरॉक्स इथेच होते. जागा मिळवून देण्याची हमी आम्ही देत नाही. कोणी देत असेल तर तिथून उठून या. घरच्यांना सोबत आणलंत तर बरं. पाच वर्षांचा हिशोब दोन जणांनी ऐकलेला बरा असतो. जून ते ऑगस्ट इथे उभं राहायला जागा नसते, म्हणून शक्यतो दिवाळीनंतर या, चहा घेत निवांत बोलता येईल.