व्हॅली फोर्जची हिवाळी छावणी

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनच्या काँटिनेंटल सैन्याचा १९ डिसेंबर १७७७ ते १९ जून १७७८ या काळातील पेनसिल्व्हेनियातील तळ. स्थळ स्कूलकिल नदीकाठी, ब्रिटिशांनी सप्टेंबरमध्ये घेतलेल्या फिलाडेल्फियाच्या वायव्येस सु. ३० किमी. सैन्यसंख्या सामान्यतः ११,००० ते १२,००० मानतात. पण हजेरीपटात आजारी व अन्यत्र पाठविलेले शिपाईही धरले जात, त्यामुळे लढण्याजोगी माणसे बरीच कमी होती. अनवाणी व उघडे असल्यामुळे २,८९८ जण कामास निरुपयोगी असल्याचे वॉशिंग्टनने २३ डिसेंबरला काँग्रेसला (बंडखोर राज्यांच्या मध्यवर्ती सभेला) कळविले.

या हालांच्या कारणाविषयी मतभेद आहेत. जुन्या लेखनाचा भर बर्फ व थंडीवर दिसतो. मात्र तो हिवाळा त्या प्रदेशाच्या मानाने मध्यमच होता. खरा कडाका १७७९–८० मध्ये मॉरिसटाउनच्या (न्यू जर्सी) तळावर पडला, तेव्हा न्यूयॉर्क बंदरही गोठले. व्हॅली फोर्जची उपासमार मुख्यतः वाहतूक कोलमडल्याने झाली, हे अलीकडचे मत अधिक ग्राह्य वाटते. बर्फ टिकला असता तर घसरगाड्या तरी चालल्या असत्या. पण तो वितळून रस्त्यांचा चिखल झाला आणि नदी पायी ओलांडण्याचे उतार बंद पडले.

काँग्रेसने १७७५ मध्ये ठरविलेल्या दैनिक शिध्यात १ पौंड गोमांस (किंवा पाऊण पौंड डुकराचे मांस) व १ पौंड पाव किंवा पीठ असे. पिठाचे पिंप १९६ पौंडांचे. म्हणजे ११,००० माणसांना रोज सु. ५६ पिंपे हवीत. त्यासाठी गाड्या, घोडे व चारा लागे आणि तिघांचाही तुटवडा होता. ओझे हलके करण्यासाठी गाडीवान मांसाच्या पिंपांतले, ते टिकविणारे खारे पाणी सोडून देत, मग मांस वाटेतच नासे. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीने मीठही दुर्मिळ झाले होते. कागदी डॉलरची किंमत घसरल्याने शेतकरी रोख नाण्यासाठी माल फिलाडेल्फियाला विकत. कोठीप्रमुख जोसेफ ट्रंबलने १७७७ च्या उन्हाळ्यात व वाहतूकप्रमुख टॉमस मिफ्लिनने त्या शरद ऋतूत पद सोडले होते. फेब्रुवारीत मांसाविना दिवस गेले. कणीक पाण्यात भिजवून निखाऱ्यावर भाजलेल्या रोट्यांवर शिपाई राहिले. मार्चमध्ये नथानिएल ग्रीनने वाहतूक हाती घेतल्यावर स्थिती सुधारली.

लाकडी झोपडी १४ × १६ फूट, भिंती साडेसहा फूट, प्रत्येकीत १२ शिपाई, असा हुकूम होता. ओल्या लाकडाचा धूर कोंडे. ऊब राहावी म्हणून काहींनी जमीन खणून खाली घेतली, तिथे ओल साचे. टायफस (उवांमुळे पसरणारा ताप), विषमज्वर व हगवणीने सु. २,००० माणसे दगावली असावीत, त्यांतील बहुतेक मार्च ते मे या काळात. वसंतात भिंतींचा गिलावा काढून वारा खेळता ठेवण्याचे व हवा शुद्ध व्हावी म्हणून झोपडीत काडतुसाची दारू जाळण्याचे हुकूम निघाले. देवीच्या रोगापासून बचावासाठी त्याच्या फोडातील द्रव्य निरोग्यांना टोचण्यात आले. टोचलेली माणसे काही आठवडे कामाला मुकत, म्हणून हे काम गटागटाने व गुप्तपणे करावे लागे.

भरतीचे दुखणे आधीचे. अल्प मुदतीचे करार डिसेंबरअखेर संपत व सैन्य विरे. म्हणून १७७६ मध्ये काँग्रेसने युद्ध संपेपर्यंत राहणाऱ्यास २० डॉलर व १०० एकर जमीन देऊ केली. तरी पलटणी भरेनात, तेव्हा फेब्रुवारी १७७८ मध्ये राज्यांना नागरी सेनेतून नऊ महिन्यांसाठी सक्तीने माणसे घेण्यास सांगण्यात आले. काही शिपाई तीन वर्षांच्या करारावर होते; त्या करारांची मुदत नेमकी केव्हा संपते, हा वाद पगाराच्या थकबाकीसह १ जानेवारी १७८१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींच्या बंडास कारण झाला.