हंटरची जीभ (बी-१२च्या कमतरतेतील जिभेचा दाह)

बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यावर जीभ लालबुंद, गुळगुळीत होते आणि झोंबते. जर्मन वैद्य मोलर यांनी १८५१ मध्ये अशा जिभेचे वर्णन केले. पुढे विल्यम हंटर यांनी तिचा मारक पांडुरोगाशी (जठरातून बी-१२ शोषले न गेल्याने होणाऱ्या रक्तक्षयाशी) संबंध दाखवला.

जिभेवरच्या पेशी काही दिवसांतच बदलत राहतात. नव्या पेशींसाठी डीएनए बनवायला बी-१२ लागते, म्हणून तुटवडा इथे लवकर उघडा पडतो. आधी कडांवर किंवा टोकाशी लाल रेघा उमटतात, तिखट आणि गरम चहा सोसवत नाही. मग जिभेला खरखरीतपणा देणारे बारीक अंकुर झडतात. ओठांचे कोपरेही चिरतात. या टप्प्यावर हिमोग्लोबिन पुष्कळदा ठीकच असते आणि दुखणे ‘तोंड आलंय’ एवढ्यावर सोडून दिले जाते.

तपासताना जीभ गॉझने धरून पुढे ओढावी, कोरडी करावी आणि दोन्ही कडा उजेडात पाहाव्यात. पुसल्यावर निघणारा पांढरा थर बुरशीचा असतो. जागा बदलणारे लाल चट्टे भौगोलिक जिभेचे असतात. जीभ गुळगुळीत पण फिकी असेल, तर आधी लोहाची कमतरता शोधावी.

चूक बहुधा इथे होते: दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणून आठवडाभर घेतले जाते आणि तपासणीसाठी रक्त नंतर दिले जाते. मग बी-१२ची पातळी फसवी वाढलेली दिसते. रक्त गोळ्यांआधीच द्यावे. पातळी २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरखाली असेल, तर कमतरता धरतात. काठावर असेल, तर बी-१२ कमी पडल्यावर रक्तात वाढणारे मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासतात. बी-१२ कमी पडल्यावर तांबड्या पेशी मोठ्या होतात, पण त्या मोठ्या नाहीत म्हणून निदान सोडू नये, कारण सोबतची लोहाची कमतरता त्यांचा आकार झाकते. नुसते फॉलिक आम्ल (फोलेट, हेही एक बी जीवनसत्त्व) देणे तर घातकच: रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

 

यकृतात बी-१२चा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो. म्हणून कमतरता उशिरा येते आणि कारण मागे जाऊन शोधावे लागते: दूधही क्वचित घेणारा शाकाहार, वर्षानुवर्षांचे मेटफॉर्मिन (मधुमेहावरचे औषध) किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या, जठराची शस्त्रक्रिया. शोषणच होत नसेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने देतात. जिभेची आग लवकर शमते, अंकुर काही आठवड्यांत परत येतात. ते आले नाहीत, तर लोह, फोलेट आणि मधुमेह तपासावा.